कॅमेरा नंतर, आधी कान: नाशिकच्या एका सिनेमावेड्याला उत्तर

प्रश्न : मी अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. सिनेमाचं वेड शाळेपासूनचं. रोज एक तरी सिनेमा बघतो, शिवाय सिनेमा कसा बनतो, शॉट कसा लावला, कलर कसा केला, असले व्हिडिओ तासन्‌तास बघतो. मोबाइलवर स्वतःचेही व्हिडिओ करून टाकतो : रामकुंडावरची पहाट, तांबट आळीतले कारागीर, काही सिनेमांची परीक्षणं. फ्रेम छान असतात असं मित्र म्हणतात, पण ते सिनेमासारखं वाटत नाही आणि लोक पहिल्या पंधरा-वीस सेकंदांतच निघून जातात. 80 हजार रुपये साठवलेत. मिररलेस कॅमेरा घेऊ का? नाशकात राहून हे शिकता येतं का, की मुंबईच गाठावी? सोबत तांबट आळीचा व्हिडिओ जोडतोय.

उत्तर :

या वर्षी तरी कॅमेरा घेऊ नका. पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो, आणि त्यातले निम्मे कुठेच घालू नका असंही सांगणार आहे.

मी व्यवसायाने संकलक. त्याआधी बरीच वर्षं लोकेशनवर आवाज रेकॉर्ड करायचो, गळ्यात मिक्सर आणि हातात बूमची, म्हणजे टोकाला माइक लावलेली, काठी. त्यामुळे माझं मत कानाकडे झुकलेलं आहे हे धरूनच वाचा. एखाद्या कॅमेरामनला विचारलंत तर तो लेन्सपासून सुरू करेल, आणि त्याच्या जागी तोही खोटा नाही.

तुमचा साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ मी आधी आवाज बंद करून पाहिला, मग मोबाइल पालथा ठेवून नुसता ऐकला. ही सवय तुम्हीही लावून घ्या, आपल्याच कामातले दोष एवढ्या लवकर दुसऱ्या कशाने सापडत नाहीत. आवाज बंद असताना व्हिडिओ देखणा आहे. गल्लीत तिरपं शिरणारं सकाळचं ऊन, तांब्याच्या पत्र्यावरची झळाळी, म्हाताऱ्या कारागिराच्या हातावरच्या शिरा. नजर आहे तुम्हाला. पण मोबाइल पालथा ठेवल्यावर काय ऐकू येतं? बासरी. मग तबला. मग परत बासरी. दोन मिनिटं उलटल्यावर कारागीर काहीतरी बोलतो, तेही गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभा असल्यासारखं, आणि मागे टेबलफॅनची घरघर. अहो, तांबट आळीवरचा व्हिडिओ आणि त्यात हातोडीचा एक ठोका नाही! त्या आळीत शिरायच्या आधीच कानाला कळतं आपण कुठे आलोय, आणि नेमकं तेच तुम्ही म्यूट करून वर बाजारातून आणलेलं संगीत टाकलंत.

लोक पंधरा सेकंदांत का जातात याचं उत्तर इथेच आहे. तुमचे पहिले वीस सेकंद म्हणजे गिंबलवर (मोबाइल डगमगू न देणाऱ्या दांडीवर) तरंगत गल्लीतून चालणं, बासरी, आणि मग शीर्षक. बघणाऱ्याला पाचव्या सेकंदाला समजतं की हा 'त्या' जातीचा व्हिडिओ आहे. पुढे काय येणार हेही समजतं. मग थांबायचं कशाला? यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती टिकले त्याचा आलेख मिळतो. तो नुसता वर-खाली बघून हळहळू नका. रेष जिथे घसरते त्या सेकंदावर जा आणि तिथे पडद्यावर काय आहे ते बघा. बहुतेक वेळा तिथे असा शॉट सापडतो जो तुम्हाला फार आवडतो म्हणून ठेवलेला असतो.

माझ्या हातात हे फुटेज असतं तर मी सुरुवात काळ्या पडद्यावर केली असती. ठोका, ठोका, ठोका. एका लयीत. मध्येच लय किंचित बदलते, परत जागेवर येते. चार-पाच सेकंद एवढंच. हे काय चाललंय ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच माणूस अंगठा वर सरकवत नाही. मग चित्र उघडायचं, पण हातोडीवर नको, कारागिराच्या डोळ्यांवर. एवढा आवाज कानाशी होतोय आणि पापणी लवत नाही. त्यानंतर हात. आणि इथे तुमच्या शूटिंगमधली खरी उणीव दिसते : सगळ्या शॉटमध्ये उजवा हात आहे. मठारकामात, म्हणजे भांड्यावर ठोके उमटवण्याच्या कामात, उजवा हात फक्त ठोकतो, डावा हात दोन ठोक्यांच्या मधे भांडं बोटभर फिरवतो, म्हणून ठोके एका ओळीत, एकमेकांना चिकटून बसतात. अख्खी कला त्या डाव्या हाताच्या फिरवण्यात आहे आणि तुमच्याकडे त्याचा एकही क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला शॉट, नाही. कुठल्याही महागड्या कॅमेऱ्याने तो आपोआप आला नसता. अर्धा तास कॅमेरा पिशवीत ठेवून नुसतं बघत बसलं की तो दिसतो.

आता कट कुठे मारायचा. हातोडी वरून खाली येत असताना. वाइड, म्हणजे लांबून घेतलेल्या, शॉटमध्ये ती अर्ध्यावर आली की कापा आणि क्लोजमध्ये तिथूनच पुढे खाली येऊ द्या. डोळा हालचालीच्या मागे लागलेला असतो, मधला सांधा त्याच्या लक्षात येत नाही. ठोका पडून गेला, सगळं थांबलं आणि मग कापलंत, तर प्रत्येक सांधा टोचतो. तुमचे कट असेच टोचतात. कारण शॉट स्लो मोशनमध्ये घेतलेत आणि स्लो मोशनमध्ये ठोका जोर हरवून बसतो. (सगळ्याच गोष्टी स्लो मोशनमध्ये सुंदर दिसतात, म्हणून ती इतकी स्वस्त झाली आहे. लग्नाच्या व्हिडिओंनी तिची पार रया घालवली.)

यासाठी दोन कॅमेरे लागत नाहीत. कारागीर तीच क्रिया शेकडो वेळा करतो. एकदा लांबून मनसोक्त घ्या, मग जवळ जाऊन त्याच बाजूने परत घ्या. त्याच बाजूने हे महत्त्वाचं. माणूस आणि त्याचं भांडं यांच्यातून एक रेष गेली आहे असं समजा आणि ती ओलांडू नका. ओलांडलीत तर एका शॉटमध्ये तो डावीकडे तोंड करून बसलेला आणि पुढच्यात उजवीकडे, बघणारा क्षणभर गोंधळतो. तो गोंधळ मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

आणि आता ज्याला तुम्ही 'सिनेमासारखं वाटणं' म्हणताय ते. कारागिराजवळ रेकॉर्डर ठेवून तीन-चार मिनिटं सलग ठोके रेकॉर्ड करा, मधे न थांबवता. एडिट करताना आधी तो आवाज टाइमलाइनवर अंथरा आणि मग त्याच्यावर चित्रं बसवा, प्रत्येक दिसणारा ठोका ऐकू येणाऱ्या ठोक्याशी जुळवून. चित्र तुकड्या-तुकड्यांचं असलं तरी आवाज सलग असल्यामुळे मेंदू मानतो की आपण एकाच जागी, एकाच वेळी बसलोय. प्रत्येक शॉटचा आवाज त्याच्यासोबतच कापला तर दर कटला पार्श्वभूमीचा आवाज उडी मारतो आणि 'हा व्हिडिओ आहे' ही जाणीव जागी होते. पुढच्या प्रसंगाचा आवाज चित्राच्या आधी सुरू करणं, त्याला आम्ही जे-कट म्हणतो, किंवा आधीच्याचा आवाज पुढच्या चित्रावर लांबवणं, म्हणजे एल-कट, हे सगळं याच एका समजुतीवर उभं आहे. ठोके चालू असतानाच दुकानातल्या गिऱ्हाइकाचा आवाज येऊ द्या, 'हे घंगाळ केवढ्याला?', आणि चित्र सेकंदभराने तिकडे वळवा. बघा काय फरक पडतो.

रेकॉर्डिंगच्या तांत्रिक गोष्टी इंटरनेटवर ढिगाने आहेत, पण मोबाइलवाल्याला ज्या नडतात तेवढ्या सांगतो.

मोबाइल आवाजाची पातळी स्वतःच कमी-जास्त करतो. ठोका पडला की सगळा आवाज दाबतो, शांतता आली की फॅनची घरघर वर ओढतो. त्यामुळे पार्श्वभूमी धापा टाकल्यासारखी ऐकू येते. ही सोय बंद करता येणारं ॲप वापरा, ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, त्यात आवाजाची पातळीही हाताने ठरवता येते आणि शटरही, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते. बोलण्याचे उंच टप्पे उणे 12 डेसिबलच्या आसपास राहतील असं बघा. ठोक्यासारखा आवाज मात्र क्षणात शून्याला, म्हणजे मोजपट्टीच्या वरच्या टोकाला, भिडतो आणि फाटतो, फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. हल्ली 32 बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करणारे छोटे रेकॉर्डर मिळतात. त्यात असे टोकाचे आवाज नंतर खाली ओढून वाचवता येतात, फक्त माइकच त्या दणक्याने गुदमरलेला नसावा. तांबट आळीसाठी तेच हवं.

माइक जवळ न्या. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, पण खोलीची घुमघुम तिथल्या तिथेच राहते. तुमचा कारागीर लांबून बोलल्यासारखा वाटतो कारण माइक मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल दोन मीटरवर. कॉलरला माइक लावला असता तर तो वीतभर अंतरावर आला असता. आणि बोलून घेईपर्यंत फॅन बंद करायला सांगा. माणसं हसत बंद करतात, फक्त विचारावं लागतं.

निघायच्या आधी 'आता कुणी बोलू नका' असं सांगून तिथली नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. एडिटमध्ये बोलण्यातलं खोकणं, अडखळणं कापलं की भोक पडतं. त्या भोकात पूर्ण मुकेपणा टाकला तर कान दचकतो, ती अर्ध्या मिनिटाची शांतता तिथे भरायची.

रामकुंडावर बिनतारी माइक घेऊन जाणार असाल तर जपून. स्वस्त संच बहुतेक 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच. पर्वणीच्या गर्दीत हजारो मोबाइल आणि मधे माणसांची अंगं, सिग्नल तुटतो आणि तुम्हाला घरी गेल्यावर कळतं. 2027 च्या सिंहस्थात शूट करायचं मनात असेल तर खिशात रेकॉर्डर आणि त्याला वायरचा कॉलर माइक, हा जुना मार्गच बरा. गोदाघाटावरची आणखी एक गंमत. पलीकडच्या काठावर कुणी कपडे आपटत असेल तर कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो आणि धप्प नंतर ऐकू येतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवरून तो जवळपास सात फ्रेम उशिरा पोचतो. सिनेमात आम्ही बहुतेक वेळा तो ओढून चित्राशी जुळवतो. खरं जसंच्या तसं ठेवलं तर प्रेक्षक म्हणतो, आवाज मागे पडलाय.

चित्राबाबत दोनच गोष्टी. मोबाइल मुळातच सेकंदाला 30 फ्रेमवर लावलेला असतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे दुकानातल्या कितीतरी ट्यूब आणि एलईडी सेकंदाला शंभर वेळा फडफडतात आणि चित्रात पट्टे दिसतात. 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं की ते पट्टे आणि लुकलुक निघून जाते. दिवसा उन्हात मोबाइल शटर 1/1000 च्याही पुढे नेतो, मग प्रत्येक फ्रेम कोरल्यासारखी येते आणि चालणारा माणूस झटके खात चालतो. लेन्सवर लावायचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, काही हजारांत येतो, तो घ्या. दुसरं, मोबाइल फ्रेमचा वेग आतल्या आत बदलत ठेवतो, म्हणून वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज दहाव्या मिनिटाला ओठांपासून सरकतो. एडिटला बसण्याआधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर वेगात काढून घ्या. आणि शॉट सुरू झाला की एकदा टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं.

आता तुमच्या बघण्याबद्दल, कारण खरं अडलंय तिथे असं मला वाटतं. तुम्ही सिनेमाबद्दलचे व्हिडिओ सिनेमापेक्षा जास्त बघता. त्यात तुम्हाला सुट्या सुट्या फ्रेम दाखवतात, वर पिवळ्या रेषा आखून. फ्रेम थांबवून दाखवता येते, कट आणि आवाज थांबवून दाखवता येत नाहीत. म्हणून तुम्हाला फ्रेम कळते आणि बाकीचं निसटतं. रोजच्या सिनेमाऐवजी आठवडाभर एकच प्रसंग घ्या, चार-पाच मिनिटांचा. प्रत्येक कटला कागदावर एक रेघ आणि त्या क्षणी काय ऐकू येत होतं ते एका शब्दात. दिग्दर्शकाने कट का मारला हे लिहू नका, ते आपण बहुतेक मनचं लिहितो. काय झालं तेवढंच लिहा. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'वर हे करून बघा. कागदावर रेघाच येणार नाहीत. कॅमेरा लांब, स्थिर, माणसं येतात-जातात. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, लोक बाहेर पडतात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि अंधार झाला तरी शॉट चालूच राहतो. अशा वेळी संकलकाने काय केलं? हात आवरला. तेही काम आहे, आणि ते फक्त मोजत बसणाऱ्याला दिसतं.

सरावासाठी फुटेज कुठून आणायचं? आपल्याच गावातून. दादासाहेब फाळक्यांनी 1919 मध्ये केलेला 'कालिया मर्दन' मूकपट आज ऑनलाइन बघायला मिळतो. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षांचा, तो केव्हाच संपलाय. कुणी त्यावर नवं संगीत चढवलं असेल तर ते त्याचं असू शकतं, तो ट्रॅक काढून टाका. मूकपटच आहे, तुमचं काही अडत नाही. सुरुवातीलाच फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, बाळकृष्णाची भूमिका करणारी, कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. तेवढा भाग उतरवून घ्या. आता तिच्या एका चेहऱ्याच्या पुढे तुम्ही मोबाइलवर काढलेला शॉट जोडा : मिसळीची ताटली. मग तोच चेहरा, पुढे भद्रकालीतला भाजीबाजार. मग तोच चेहरा, पुढे रिकामी झोपाळ्याची कडी. भाव तोच राहतो आणि अर्थ दरवेळी पालटतो. रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने साधारण शंभर वर्षांपूर्वी हाच प्रयोग एका नटाच्या चेहऱ्यावर केला होता. वाचून तो सगळ्यांना माहीत असतो, हाताने फार थोड्यांनी केलेला असतो.

दुसरा सराव : याच सिनेमातला यमुनेत उडी मारण्याचा आणि कालियाशी झुंजीचा भाग घ्या आणि त्याला पूर्ण आवाज द्या. पाणी, काठावरच्या लोकांचा गलका, श्वास, पाण्याखालचा बोदा झालेला नाद. संगीत अजिबात नाही. गोदावरीत बादली बुडवून, घरच्या टबात हात मारून, ओल्या पोत्यावर थापटून आवाज गोळा करा. हे काम फॉली आर्टिस्ट आयुष्यभर करतात. पाच मिनिटांच्या दृश्याला तुमचा महिना जाईल आणि तेवढ्यात तुम्ही जे शिकाल ते तीनशे व्हिडिओ बघून येणार नाही.

फाळक्यांचं नाव निघालंच आहे तर. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण डबा घेऊन जातो आणि फोटो काढतो. पण त्यांची कामाची रीत नव्या माणसाने जरूर बघावी. 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच राजा हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा रुजवून त्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून टिपलं आणि ती छोटी फिल्म दाखवून पैसा उभा केला. सराव आणि भांडवल एकाच दगडात. घरात सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळं करत. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत कोरोनेशन थिएटरला लागला, आणि त्याच वर्षी फाळके बाड-बिस्तरा नाशकात हलवून पुढच्या सिनेमांना लागले. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके राम होते आणि सीताही तेच होते. प्रेक्षकांनी दोघांनाही मानलं. एका कटच्या अलीकडे राम आणि पलीकडे सीता, मधला सगळा भरणा बघणाऱ्याच्या डोक्यात. सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी छोटी फिल्मही फाळक्यांनी केली होती, स्वतः त्यात काम करताना दिसतात. तेव्हा मेकिंगचे व्हिडिओ बघायचं तुमचं वेड अगदी खानदानी आहे, त्याची लाज बाळगू नका.

याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण मालेगावचं. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता 'मालेगाव के शोले' केला, घोड्यांच्या जागी सायकली आणि क्रेनच्या जागी बैलगाडी. त्यांच्यावर फैझा अहमद खान यांनी केलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट जरूर बघा. लोक तो बघून 'जुगाड' म्हणतात आणि हसतात. मला त्यात वेगळं दिसतं : या माणसाने पार्लरमध्ये बसून गिऱ्हाईक कुठे हसतं, कुठे उठून विडी प्यायला जातं, हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तुमचा तो यूट्यूबचा आलेख त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता.

परीक्षणाच्या व्हिडिओंबद्दल थोडक्यात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 समीक्षेसाठी उचित वापराला मुभा देतं. पण यूट्यूबची आपोआप चालणारी तपासणी कलम वाचत नाही, ती आवाज आणि चित्र जुळवते. म्हणून तुकडे छोटे ठेवा, त्यावर तुमचं बोलणं सतत असू द्या, गाणी वाजवू नका. आणि कथा सांगत बसू नका. 'सिनेमॅटोग्राफी अप्रतिम आहे' हे वाक्य तर कायमचं बंद करा, त्याऐवजी एकच शॉट घेऊन त्यात उजेड कुठून येतोय ते सांगा. लोक थांबतील.

आता 80 हजार. कान पूर्ण झाकणारा चांगला हेडफोन, 32 बिट फ्लोटचा छोटा रेकॉर्डर आणि वायरचा कॉलर माइक, वाऱ्यासाठी केसाळ टोपी (गंगापूर धरणाच्या काठावर दुपारी तिच्याशिवाय काहीही हाती लागत नाही), डुगडुगणार नाही असा ट्रायपॉड, एनडी फिल्टर, आणि दोन हार्ड डिस्क. दोन, कारण एकच प्रत म्हणजे प्रत नाहीच. हे सगळं मिळून निम्म्याच्या आसपास बसायला हवं. एडिटसाठी दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती तुम्हाला पुढची पाच वर्षं पुरेल. लॅपटॉप रडत असेल तर रॅम वाढवा. गिंबल असेल तर विकून टाका, किंवा निदान वर्षभर कपाटात ठेवा. उरलेले पैसे बँकेत. खरंच कॅमेऱ्याची गरज पडेल त्या दिवशी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणाकडूनही तो दिवसाच्या भाड्याने मिळतो, लग्नसराई सोडून. असं चार-सहा वेळा भाड्याने वापरलात की आपल्याला कुठला हवा ते कळेल, आणि तोवर त्याच्या किमतीही उतरलेल्या असतील. ड्रोनचं मनात असेल तर थांबा. देवळालीला तोफखान्याचं केंद्र, ओझरला विमानतळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या पोर्टलच्या नकाशावर आपली जागा लाल आहे की हिरवी हे बघितल्याशिवाय उडवू नका.

राहिली मुंबई. शिकायला तिथे जायची गरज नाही, काम मिळवायला कधीतरी जावं लागेल. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात शूटिंगची युनिट येत असतात, त्यांना स्थानिक माणूस लागतो. आवाजाच्या विभागात सहायक व्हा. कॅमेऱ्यासाठी रांग असते, बूम धरायला फारसं कुणी येत नाही, आणि बूमवाला नटाच्या सगळ्यात जवळ उभा असतो. दिग्दर्शक नटाच्या कानात काय सांगतो ते त्याला हेडफोनमध्ये ऐकू येतं. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचे लघु अभ्यासक्रमही असतात, रजा साठवून करता येतात. नोकरी सोडायची का, यावर मी बोलणार नाही, तुमच्या घरचे हप्ते मला माहीत नाहीत. फक्त पहिल्या कामाला 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट बोलावतील, तेव्हा जाण्या-येण्याचं भाडं, जेवण आणि रात्री उशीर झाला तर राहायची सोय एवढं आधी ठरवून घ्या, आणि प्रॉडक्शनवाल्याकडून ते मेसेजवर लिहून घ्या. तोंडी 'बघू की' म्हणाला तर शिफ्ट बुडवू नका.